शिट्टी कुकरची, हॉर्न एसटीचा

मुलाच्या कानाला पहिल्यांदा श्रवणयंत्र बसतं त्या दिवशी घरात मोठी धांदल असते. आजी टाळ्या वाजवून बघते, बाबा मोबाईलवर गाणं लावतात, काका मागून मोठ्यांदा हाक मारतात. मूल एक तर मान न वळवता खेळत राहतं, नाही तर दचकून रडायला लागतं. मग कुणी तरी म्हणतं, "यंत्राचा काही उपयोग दिसत नाही." यंत्र डबीत जातं, डबी कपाटात जाते आणि मुलाच्या आयुष्यातले सगळ्यांत मोलाचे महिने हातचे निघून जातात.

यात दोष यंत्राचा नसतो आणि मुलाचाही नसतो. आवाज मुलापर्यंत पोचलेला असतो. तो कशाचा, कुठून आला, तो ऐकून काय करायचं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. आवाजाला अर्थ कसा जोडला जातो आणि हे काम दवाखान्यापेक्षा घरात, अंगणात, बाजारात जास्त चांगलं का होतं, ते या प्रकरणात बघू. उदाहरणासाठी दक्षिण रायगडातलं महाड घेऊ. तिथलं चवदार तळं, तळ्याभोवतीची वस्ती, पोलादपूरकडे जाणारा महामार्ग आणि सावित्री नदीच्या खोऱ्यातला पाऊस, एवढ्या सामग्रीत ऐकण्याचा अख्खा अभ्यासक्रम बसतो.

ऐकणंही शिकावं लागतं

ऐकू येणाऱ्या बाळाचं शिक्षण जन्माआधीच सुरू होतं. आईच्या पोटात साधारण सहा महिने झाले की बाहेरचे आवाज त्याच्यापर्यंत पोचू लागतात. जन्मल्यावर पहिल्या वर्षात दाराची कडी, बादलीत पडणारं पाणी, कुकरची शिट्टी, मोटारसायकल हे आवाज त्याच्या कानांवरून शेकडो वेळा जातात. कुणी मुद्दाम शिकवत नाही. कडी वाजली की बाबा घरात येतात, शिट्ट्या झाल्या की मऊ भात मिळतो, हे त्याचं त्यालाच उमगत जातं. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाच्या वाट्याला ही उजळणी आलेलीच नसते. तीन वर्षांच्या मुलीला आज यंत्र बसलं, तर तिचं जन्माचं वय तीन वर्षं आणि ऐकण्याचं वय एक दिवस. तान्ह्या बाळाने पहिल्या दिवशी "आई" म्हणावं अशी अपेक्षा आपण धरत नाही. तेवढाच धीर या मुलीच्या बाबतीतही धरायला हवा.

यंत्र नेमकं काय करतं, हेही घरच्यांना माहीत असलं पाहिजे. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत सुमारे १५,००० केसपेशी असतात. हवेतून आलेली कंपनं त्या विद्युतसंदेशांत बदलतात आणि श्रवणनस ते संदेश मेंदूकडे नेते. श्रवणयंत्र बाहेरचा आवाज वाढवून आत सोडतं. पुढचं काम शाबूत राहिलेल्या केसपेशींनीच करायचं असतं. त्या फारच थोड्या उरल्या असतील तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. शस्त्रक्रिया करून त्या नळीत इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवली जाते आणि ती श्रवणनसेला थेट विद्युतसंदेश देते. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला बसवलेलं अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट हा या शोधातला मोठा टप्पा होता. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव आदराने घेतलं जातं. पण प्रचलित इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड असतात १२ ते २२. हजारो केसपेशींचं काम इतक्या थोड्या इलेक्ट्रोडवर आलेलं असतं. त्यातून येणारा आवाज ओळखायला मेंदूला सराव लागतो, आणि तो सराव यंत्रासोबत खोक्यात मिळत नाही.

मेंदू या सरावासाठी कायम थांबून राहत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत लक्षात आलेल्या आणि लगेच मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा लक्षात आलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे जाते. अनू शर्मा यांच्या संशोधनानुसार साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलं तर मेंदूचा ऐकण्याचा भाग चांगला प्रतिसाद देऊ लागतो. सात वर्षांनंतर ही लवचीकता बरीच ओसरलेली असते. म्हणूनच जगभर एक, तीन, सहा असा नियम सांगतात. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार व शिकवणी सुरू. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून होणारी ओएई चाचणी काही मिनिटांत उरकते. शंका आली तर पक्क्या निदानासाठी बेरा चाचणी करतात. दोन्हींत बाळाला दुखत नाही. आपल्याकडे मात्र "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बापही उशिरा बोलायला लागला होता" अशा समजुतींत वर्षं निघून जातात.

तळ्याभोवती एक फेरी

कर्णबधिर मुलांना ऐकायला शिकवणारे शिक्षक चार पायऱ्या मानतात. नॉर्मन अर्बर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही चढण आजही वापरात आहे. आवाज आहे की नाही ते कळणं, दोन आवाजांतला फरक कळणं, आवाज ओळखता येणं आणि ऐकलेल्याचा अर्थ समजून वागता येणं. महाडच्या एखाद्या आईला या चारही पायऱ्या सकाळी चवदार तळ्याभोवती फेरी मारता मारता चढता येतात.

सुरुवात भल्या सकाळी करावी, कारण वर्दळ वाढली की आवाजांची सरमिसळ होते. पहिले काही दिवस एकच आवाज निवडायचा. समजा, कावळा. तो ओरडला की आईने थबकायचं, स्वतःच्या कानाला बोट लावायचं आणि चेहऱ्यावर नवल आणून म्हणायचं, "ऐकलंस? काव काव!" मगच वर बोट दाखवायचं. कावळा उडून गेला की हात पसरून सांगायचं, "गेला. आता आवाज नाही." आवाज नसणं हेही शिकवावं लागतं, कारण शांतता ओळखू येते तेव्हाच आवाज ठळक होतो. काही दिवसांनी मूल आपणहून थबकतं आणि कानाला बोट लावतं. ही पहिली पायरी. बाहेरच्याला हे फार किरकोळ वाटेल, पण घरच्यांनी त्या दिवशी गोडाधोडाचं करावं इतकी ती मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या पायरीवर एकमेकांपासून अगदी वेगळे दोन आवाज घ्यायचे. एसटीचा हॉर्न जाड, लांब आणि दणदणीत असतो, तर सायकलची घंटी बारीक, तुटक आणि उंच पट्टीची. हा फरक जमला की जवळ जवळचे आवाज घ्यायचे, म्हणजे मिनीडोर रिक्षा आणि मोटारसायकल. तिसऱ्या पायरीवर मूल न बघता ओळखतं. आईने त्याला रस्त्याकडे पाठ करून उभं करायचं आणि हॉर्न वाजला की विचारायचं, "काय आलं?" मुलाने एसटीच्या चित्रावर बोट ठेवलं तरी उत्तर बरोबर. तोंडाने शब्द यायला वेळ लागतो, ओळख त्याच्या आधी येते. चौथ्या पायरीवर आवाज आणि कृती यांची गाठ पडते. हॉर्न ऐकून मूल कडेला सरकतं, आजोबांची हाक आली की वळून त्यांच्याकडे धावतं.

मराठी या कामात आईच्या मदतीला धावून येते. आपल्याकडे आवाजांचे शब्द मुबलक आहेत. पाणी खळखळतं, पागोळ्या टपटपतात, पानं सळसळतात, बांगड्या किणकिणतात, बेडूक डराव डराव करतो. खरा आवाज आणि त्याचा शब्द पाठोपाठ कानावर पडले की दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, २० मार्चला, याच तळ्यावर मोठा समुदाय लोटतो. घोषणा, ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक यांनी महाड दुमदुमून जातं. यंत्र लावणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरी डांबून ठेवू नये, आणि एकदम गर्दीच्या मधोमधही नेऊ नये. आदल्या दिवशी फोटो दाखवून सांगावं की उद्या खूप माणसं येणार, मोठा आवाज होणार. गर्दीच्या कडेने चालावं, ध्वनिक्षेपकांपासून लांब राहावं, मूल अस्वस्थ झालं तर थोडा वेळ बाजूला न्यावं. "जय भीम" ही घोषणा दोन ठोक्यांची, ठसठशीत आणि दिवसभर पुन्हा पुन्हा येणारी. कानाला लय लवकर सापडते, म्हणून अशा घोषणेत सामील होणं नव्याने ऐकणाऱ्या मुलालाही जमतं. शिमग्यातल्या पालखीपुढच्या खालूबाजाचंही तसंच. आपल्या माणसांच्या सणात, मिरवणुकीत आपलाही आवाज मिसळतो, हा अनुभव मुलाचा हक्काचा आहे.

ऐक, बघ, पुन्हा ऐक

घरातली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघर. कुकरचा धडा जवळून बघू. आईने कुकर लावला की मुलाला शेजारी, ओट्यापासून सुरक्षित अंतरावर बसवायचं. पंखा आणि टीव्ही बंद. शिट्टी व्हायच्या आधी वाफेचा फुसफुस आवाज येतो, त्या वेळी काही बोलायचं नाही. शिट्टी झाली की लगेच कुकरकडे बोट दाखवायचा मोह आवरायचा. आधी कान: "ऐकलंस?" मग डोळे: "कुकर! शिट्टी झाली!" मग पुढच्या शिट्टीची वाट बघत पुन्हा कान. ऐक, बघ, पुन्हा ऐक, हा क्रम मोडायचा नाही. आधी दाखवलं तर मूल डोळ्यांनीच काम भागवतं आणि कान आळशी राहतो. प्रत्येक शिट्टीला एक शेंगदाणा वाटीत टाकायचा खेळ केला तर ऐकण्यासोबत मोजणंही होतं. तीन झाले की "आता गॅस बंद", आणि ही आठवण मुलाने आईला करून द्यायची. असा रोजचा कुकर महिन्याभरात जेवढं शिकवतो, तेवढं आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या तज्ज्ञाला शिकवता येत नाही.

यंत्र नीट चालतंय का, याची तपासणी रोज सकाळी दोन मिनिटांत होते. डॅनियल लिंग यांनी सुचवलेले सहा ध्वनी आहेत: म, ऊ, आ, ई, श, स. जाड पट्टीपासून बारीक पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला त्यांत येतो. मुलाच्या बाजूला बसायचं, ओठ दिसणार नाहीत असं बघायचं आणि एकेक ध्वनी नेहमीच्या आवाजात म्हणायचा. ऐकू आला की मुलाने डब्यात मणी टाकायचा. काल "स" ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर सेल उतरला असेल, नळीत ओल साठली असेल किंवा कानात मळ किंवा सर्दीचं पाणी साठलं असेल. "आ" आणि "ऊ" येतात पण "श", "स" मुळीच येत नाहीत, तर यंत्राची जुळणी तपासायला हवी.

बोलताना ओरडू नये. ओरडण्याने शब्द विद्रूप होतात. त्यापेक्षा जवळ जावं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं तर आवाज सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोललेलं वाक्य दुसऱ्या खोलीतून मारलेल्या आरोळीपेक्षा जास्त स्पष्ट पोचतं. आणि यंत्र जागेपणी पूर्ण वेळ कानावर हवं. फक्त अभ्यासापुरतं लावलेलं यंत्र म्हणजे दिवसातून तासभर ऐकणं.

पावसाळ्याची तयारी

पुस्तकांत सहसा न सापडणारी एक अडचण कोकणात असते. महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवेतली ओल ही श्रवणयंत्राची मोठी शत्रू. रात्री यंत्र पुसून, सेल बाहेर काढून, सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं. मूल वाढतं तसा कान वाढतो, म्हणून कानातला साचा लहान वयात काही महिन्यांनी बदलावा लागतो. सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं. कान वाहत असेल तर साचा न घालता आधी डॉक्टरांना दाखवावं.

पत्र्यावर धो धो पाऊस कोसळत असताना यंत्र तो आवाजही वाढवूनच देतं आणि माणसाचं बोलणं त्यात बुडतं. अशा वेळी मुलाला जवळ घ्यावं, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसावं. शाळेत पत्र्याचं छप्पर असेल तर त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवायला गुरुजींना सांगावं. महामार्गाजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. एकाच कानाला यंत्र असलेल्या मुलाला हॉर्न ऐकू येईल, पण गाडी कुठल्या बाजूने येतेय ते कळणार नाही. त्याला थांबून दोन्हीकडे बघण्याची सवय लावलीच पाहिजे.

आणि रात्र. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली. आणीबाणीत हाक, भोंगा, ध्वनिक्षेपक यांवर सगळी भिस्त असते, आणि झोपलेल्या कर्णबधिर मुलाचं यंत्र डबीत असतं. म्हणून मूल कुणाच्या तरी हाताच्या अंतरावर झोपावं, त्याला उठवायची स्पर्शाची खूण ठरलेली असावी, उशाशी विजेरी असावी, आणि यंत्राची डबी व जादा सेल कागदपत्रांच्या पिशवीतच असावेत. शेजाऱ्यांना आणि आशाताईंना या घरात असं मूल आहे हे माहीत असावं.

ठराव आणि पाणी

चवदार तळ्याचा इतिहास इथे मुद्दाम आठवावा असा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. तरी दलितांना पाणी मिळालं नव्हतंच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतरही तळ्याच्या हक्काच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. हक्क लिहिला जाणं आणि हक्क हाती येणं यांत किती अंतर असतं, हे महाडला वेगळं सांगायला नको.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत कागदावर आज बरंच काही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. केंद्राच्या एडिप योजनेत श्रवणयंत्रं आणि लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं. त्याची जबाबदारी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे, जी १९८३ पासून काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७० डेसिबलच्या पुढचा दोष म्हणजे बहिरेपण आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणं अशी व्याख्या करून प्रमाणपत्राचा मार्ग आखला. मुंबईत १९८६ पासून 'ऑरेड'सारखी संस्था आईवडिलांना सोबत घेऊन ऐकण्या-बोलण्याची शिकवणी देते.

पण पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आणि मुंबई त्याहून लांब. दर आठवड्याला शिकवणीला जायचं तर एका पालकाचा रोजगार बुडतो, भाडं जातं, आणि घरातली दुसरी मुलं शेजाऱ्यांवर सोडावी लागतात. शस्त्रक्रिया फुकट झाली तरी नंतरची वर्षानुवर्षांची शिकवणी या अंतरापायी तुटते.

अंतरावर मात करण्याचा एक जुना आणि आजमावलेला मार्ग म्हणजे आईवडिलांनाच शिक्षक बनवणं. हॉलीवूडचे नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः कर्णबधिर होता. त्याची आई लुईस ट्रेसी यांनी १९४२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जॉन ट्रेसी क्लिनिक काढलं आणि लवकरच टपालाने मोफत धडे पाठवायला सुरुवात केली. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या आया ते धडे घरातल्याच वस्तू घेऊन गिरवत. आज टपालाऐवजी मोबाईल आहे. आठवड्याला एक छोटा धडा, आईने काढलेली एक चित्रफीत आणि तज्ज्ञाचा एक फोन, एवढ्यावर वाडीवरच्या मुलाची शिकवणी चालू राहू शकते.

हातांचीही भाषा

इतकं सगळं करूनही काही मुलांना ऐकण्यातून पुरेशी भाषा येत नाही. कुणाचं निदान फार उशिरा झालेलं असतं, कुणाची श्रवणनसच नीट घडलेली नसते. अशा मुलाला वर्षानुवर्षं "बोल, बोल" म्हणत बिनभाषेचं ठेवणं हा मोठा अन्याय आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचंच नाही, या भीतीपोटी हात बांधून ठेवू नयेत. मुलाला विचार करायला, रागवायला, गोष्ट सांगायला भाषा हवी. ती कानातून आली तर उत्तम, हातांतून आली तरी तितकीच त्याची स्वतःची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालपणातल्या श्रवणदोषांची सुमारे ६० टक्के कारणं टाळता येण्याजोगी आहेत. गोवर-रुबेलाची लस, नवजात काविळीवर वेळेत उपचार, वाहत्या कानाकडे दुर्लक्ष न करणं, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तीव्र प्रतिजैविकं न घेणं, हे प्रत्येक गावात शक्य आहे. जी मुलं तरीही कर्णबधिर जन्मतील, त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी तीन गोष्टी मागायलाच हव्यात: प्रसूती होते तिथेच ओएई चाचणी, ठरलेल्या वारी महाड आणि पोलादपुरात येणारा श्रवणतज्ज्ञ, आणि सेल व कानातले साचे मिळण्याची कायमची सोय. ग्रामसभेत हा विषय मांडा, पालकांनी एकत्र येऊन निवेदन द्या, अंगणवाडीताईंना सोबत घ्या. ही मागणी मान्य होईपर्यंत मात्र थांबू नका. घरात यंत्र लावणारं मूल असेल तर आज संध्याकाळी कुकर लावताना त्याला शेजारी बसवा, पंखा बंद करा आणि पहिल्या शिट्टीला विचारा, "ऐकलंस?"